७ मेगाहर्ट्झचा क्लास ई ॲम्प्लिफायर: फेट न उडवता ४० वॅट काढायचे कसे

परवा ऐरोलीहून एकजण हॅम रेडिओच्या (हौशी बिनतारीच्या) ॲम्प्लिफायरचा बोर्ड पिशवीत घालून माझ्याकडे कोपरीला आला. तिन्ही फेट (एफईटी, एक प्रकारचे ट्रान्झिस्टर) शॉर्ट, एका कपॅसिटरचा कोळसा, आणि पहिला प्रश्न काय तर "आता कुठला मोठा फेट टाकू?" हाच प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. फेट मोठा टाकून काही होत नाही. ड्रेनला (फेटच्या आउटपुटच्या पायाला) समोर जो लोड दिसतो तो चुकलाय, आणि पॉवर द्यायचा क्रम चुकलाय. या दोन गोष्टी जमल्या की रस्त्यावर मिळणाऱ्या आयआरएफ ५१० मधून पण ८५ टक्क्यांच्या आसपास एफिशियन्सी मिळते.

क्लास ई म्हणजे काय ते दोन वाक्यांत. फेट इथे फक्त स्विच आहे, आणि ड्रेनवरचं व्होल्टेज आपणहून शून्यावर आलं की मगच तो ऑन व्हायला पाहिजे. शून्यावर यायच्या आधीच ऑन केला तर ड्रेनच्या कपॅसिटरमध्ये साठलेला चार्ज फेटच्या आतच जळतो. १००० पिकोफॅरडवर ३० व्होल्ट शिल्लक असताना ऑन केला तर ७.१ मेगाहर्ट्झला नुसते तेवढ्यातच ३ वॅट गेले, तेही काही काम न करता.

आधीच सांगतो, हा ॲम्प्लिफायर सीडब्ल्यू (मोर्स) आणि एफटी८ (कॉम्प्युटरवरचा डिजिटल मोड) साठी आहे. एसएसबी (बोलण्याचा आवाज) घातलात तर शेजारच्या स्टेशनवाल्याच्या शिव्या खाल. आणि लायसन बघा, रिस्ट्रिक्टेड ग्रेडला एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) ५० वॅट, जनरलला ४०० वॅट. म्हणून उदाहरण ४० वॅटचं घेतलंय, जास्त पॉवरचं शेवटी येईल.

टप्पा १: आधी कागद, मग लॅमिंग्टन रोड

सगळे उलटं करतात. आधी ग्रँट रोडला उतरून खरेदी, मग घरी येऊन जे आणलंय त्यात डिझाइन बसवायचं. तसं नको.

पहिला आकडा पुरवठ्याचा. क्लास ई मध्ये ड्रेनवर पीक येतो तो पुरवठ्याच्या साधारण ३.५६ पट. मी जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्ट ९० वॅटचा अडॅप्टर धरलाय, म्हणजे पीक ६८ व्होल्ट. आयआरएफ ५१० चं रेटिंग १०० व्होल्ट, म्हणजे श्वास घ्यायला जागा आहे. ऐरोलीच्या भल्या माणसाने १२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लावलेल्या, चार्जरसकट २७.६ व्होल्ट. गुणाकार करा, ९८ येतात. डमी लोडवर (अँटेनाच्या जागी लावायचा ५० ओमचा रेझिस्टर) तो चालला आणि अँटेना लावल्या लावल्या गेला, यात नवल काहीच नाही.

दुसरा आकडा लोडचा. सगळीकडे फिरणारं सूत्र असं: लोड रेझिस्टन्स = ०.५७७ × व्होल्टचा वर्ग ÷ वॅट. १९ व्होल्ट आणि ४० वॅटला ५.२ ओम येतात, आणि ड्रेनचा शंट (ड्रेन ते ग्राउंड) कपॅसिटर येतो ७९० पिकोफॅरड. पण हे सूत्र क्यू (सिरीज कॉइल आरएफला करते तो अडथळा ÷ लोड) अनंत धरून काढलेलं आहे आणि आपला क्यू असतो ५ च्या आसपास, हे कोणी सांगतच नाही. क्यू ५ धरून दुरुस्ती केली की लोड होतो ४.७ ओम आणि शंट कपॅसिटर १००० च्या थोडा वर. शंटमध्येच पावपटीहून जास्त फरक पडला, मग स्कोपवर आकार बसत नाही म्हणून लोक रात्र रात्र डोकं आपटतात.

क्यू ५, ७.१ मेगाहर्ट्झ, १९ व्होल्ट, ४० वॅटसाठी माझ्या वहीतले आकडे:

ड्रेन ते ग्राउंड, सी१: एकूण साधारण १०४० पिकोफॅरड, फेटचा स्वतःचा धरून
पुरवठ्याचा चोक (डीसी जाऊ देणारी, आरएफ अडवणारी कॉइल), एल१: १० मायक्रोहेन्री
सिरीज कपॅसिटर, सी२: १३०० पिकोफॅरड
सिरीज कॉइल, एल२: ०.५२ मायक्रोहेन्री
४.७ ओमवरून ५० वर न्यायला: आणखी ०.३३ मायक्रोहेन्री सिरीजमध्ये, आणि ५० ओमच्या बाजूला ग्राउंडला १४०० पिकोफॅरड, त्याला सी३ म्हणू

दोन्ही सिरीज कॉइल एकामागे एक आहेत, मग वेगळ्या कशाला गुंडाळायच्या, एकच ०.८५ मायक्रोहेन्रीची करा. टी१०६-२ या लाल टोरॉइडवर (कडीसारख्या गोल कोरवर) ८ वेढे घातले की ०.८६ येतं, वेढे थोडे फाकवले की बरोबर बसतं.

तपासा: अडॅप्टरवरचा आकडा मीटरने मोजून बघा. १९ लिहिलेले बरेचसे १९.५ देतात, लोड नसताना तर देतातच.

टप्पा २: माल आणताना

सी२ मधून जवळपास ३ अँपिअर आरएफ करंट वाहतो. एकच कपॅसिटर लावलात तर तो तापणार, व्हॅल्यू सरकणार आणि ट्यूनिंग हातातून जाणार. म्हणून ३३० पिकोफॅरडचे चार पॅरलल. सी३ ला पण तसेच चार आणि वर एक ८२ चा. सी१ ला दोन ठेवा हाताशी. म्हणजे ३३१ (म्हणजे ३३० पिकोफॅरड) छापलेले दहा-बारा नग एकाच जातीचे आणायचे, एनपीओ (तापला तरी व्हॅल्यू न सरकणारा सिरॅमिक) नाहीतर सिल्व्हर मायका, २०० व्होल्ट किंवा वर.

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. पहिल्या बोर्डला मी डब्यातले पिवळे गोल डिस्क लावले, मीटरवर व्हॅल्यू अगदी बरोबर दाखवत होते. एफिशियन्सी ५५ टक्क्यांच्या वर जाईना. मी दोनदा फेट बदलले, ड्रायव्हर बदलला, शेवटी एकदा बंद केल्या केल्या सहज सी२ ला बोट लागलं आणि फोड आला. फेट कोमट होते, कपॅसिटर भाजत होता! तेव्हापासून डब्यातल्या बेवारस डिस्कना आरएफ करंटच्या वाटेत उभंच करत नाही.

चोकसाठी ते हिरवे रेझिस्टरसारखे दिसणारे इंडक्टर चालणार नाहीत, अडीच अँपिअर डीसी आहे. दुसऱ्या एका टी१०६-२ वर १ मिलिमीटरच्या इनॅमल तारेचे २७-२८ वेढे घाला. फेराइटवर कमी वेढ्यांत होतं खरं, पण डीसीने फेराइट सॅच्युरेशनकडे जायला लागतं, लोहभुकटीच्या कोरला तो त्रास नाही.

फेट पॅरललमध्ये तीन लागतात, पण सहा आणा. हीटसिंक वागळे इस्टेटच्या बाजूला भंगारवाल्याकडे वजनावर मिळतो, जुन्या यूपीएसमधला मस्त होतो.

सावध: फेटची पाठ म्हणजे ड्रेन. तिच्यात आणि हीटसिंकमध्ये पातळ मायका घातला की तोच एक कपॅसिटर झाला, एका फेटमागे ३० पासून पार १०० पिकोफॅरडपर्यंत. तिघांचे मिळून सी१ चा चौथा हिस्सा तिथेच गेला. १ मिलिमीटर जाडीचा सिरॅमिक पॅड मिळाला तर तो लावा, दहा-पंधरा पिकोफॅरडवर भागतं.

टप्पा ३: मांडणी

साधा तांब्याचा बोर्ड घ्या, अख्खा ग्राउंड ठेवा, आणि वर छोटे तुकडे चिकटवून बेटं करा. एचिंगच्या भानगडीत पहिल्या वेळी पडू नका, कारण जागा बदलाव्या लागतातच.

तिन्ही सोर्सचे पाय ३ मिलिमीटरवर कापून सरळ तांब्याला डाग द्या. हा पाय लांब ठेवला की गेट (फेटला ऑन-ऑफ करणारा पाय) आणि आउटपुट दोघांच्या मध्ये एक फुकटची कॉइल आली, फेट नीट ऑन होत नाही आणि कधी कधी भलत्याच फ्रिक्वेन्सीला ओरडायला लागतो. प्रत्येक गेटला वेगळा ४.७ ओम द्या, तिघांना मिळून एक नको. सी१ चा रस्ता ड्रेनपासून सोर्सपर्यंत जितका आखूड होईल तितका. चोकच्या थंड टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचे दोन-तीन सिरॅमिक आणि एक १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक.

सोल्डरिंग झालं की आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) फ्लक्स धुवून काढा. आपल्याकडे पावसाळ्यात चार महिने हवा ओलीच, त्यात खाडीकडून येणारा खारट दमटपणा, राहिलेला फ्लक्स ओल धरतो आणि गेटचा बायस (गेटला दिलेलं स्थिर व्होल्टेज) आपोआप सरकायला लागतो.

टप्पा ४: थंड तपासणी, हीच सगळे गाळतात

एकच टप्पा करणार असाल तर हा करा. फेट, चोक आणि सी१ अजून लावायचे नाहीत. आधी नुसता आउटपुटचा लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) बघा. ७ मेगाहर्ट्झला मी सात एलिमेंटचा वापरतो: २७०, ६८०, ६८०, २७० पिकोफॅरड, आणि मधल्या तीन कॉइल टी६८-६ या पिवळ्या कोरवर १७, १९, १७ वेढे. दुसऱ्या टोकाला डमी लोड लावून नॅनोव्हीएनएवर (इम्पिडन्स मोजायचं छोटं यंत्र) ७.१ ला ५० ओमच्या आसपास दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर पुढे जायचंच नाही, कारण पुढचं सगळं त्या ५० वर उभं आहे.

मग सी२, एल२ आणि सी३ जोडा आणि सी२ च्या ड्रेनकडच्या टोकातून आत बघा. वायरचा तुकडा जोडून कॅलिब्रेशन त्या तुकड्याच्या टोकाला करा, नाहीतर वायरचीच कॉइल मोजत बसाल. ७.१ ला रेझिस्टन्स ४.७ ओम आणि त्यासोबत साधारण ६ ओम इंडक्टिव्ह रिॲक्टन्स (कॉइलचा आरएफला होणारा अडथळा) दिसायला हवा. हे सहा ओम बघून लोक घाबरतात आणि कॉइल कमी करून रिॲक्टन्स शून्य करतात, मॅच झालं म्हणतात. नका करू! क्लास ई ला तो इंडक्टिव्ह भाग लागतोच, त्याच्यामुळेच ड्रेनचं व्होल्टेज वेळेत खाली येतं.

रेझिस्टन्स जास्त दिसला तर सी३ थोडा वाढवा, कमी दिसला तर कमी करा. रिॲक्टन्ससाठी कॉइलचे वेढे दाबा किंवा फाकवा. या क्रमाने करा, कारण सी३ हलवला की रिॲक्टन्सही थोडा हलतो, उलट मात्र होत नाही.

तपासा: ४.३ ते ५.२ ओम आणि ५ ते ७ ओम रिॲक्टन्स यात बसलात की पुढे चला. परफेक्टच्या मागे लागू नका, शेवटी स्कोपवर हलवायचंच आहे.

टप्पा ५: ड्राइव्ह (गेटला द्यायचा आरएफ सिग्नल), पण ड्रेनला पुरवठा न देता

आता फेट, चोक आणि सी१ ला एकच ३३० लावा. गेटच्या बाजूला ४३ मटेरियलच्या बायनोक्युलर कोरवर २ ला १ वेढ्यांचा ट्रान्सफॉर्मर. ५ वॅटची क्यूआरपी रिग (कमी पॉवरचा रेडिओ) ५० ओमला २२ व्होल्ट पीक देते, म्हणजे गेटकडे ११ येतात. ट्रान्सफॉर्मरच्या गेटकडच्या बाजूला ४७ ओम २ वॅटचे चार रेझिस्टर पॅरलल, तिथूनच रिगला ५० सारखा लोड दिसतो. तारेच्या गुंडाळीचे रेझिस्टर नकोत, ते रेझिस्टर कमी आणि कॉइल जास्त.

बायस पोटेन्शिओमीटरने, शून्यापासून सुरू. इथली नेहमीची चूक म्हणजे लिनिअरसारखा १०० मिलिअँपिअर आयडल करंट (सिग्नल नसताना वाहणारा) ठेवायचा. स्विचला आयडल करंट कशाला हवा? तेवढ्यापुरते ड्रेनला ६ व्होल्ट देऊन बायस वाढवत जा, करंट नुसता हलायला लागला की तिथून किंचित मागे या, झालं. साधारण ३ व्होल्टच्या आगेमागे थांबेल, पण आयआरएफ ५१० चा थ्रेशोल्ड (ज्या गेट व्होल्टेजला तो ऑन व्हायला लागतो) २ ते ४ मध्ये कुठेही असू शकतो म्हणून आकडा कॉपी करू नका. बायस लावून झाला की ६ व्होल्ट काढून ठेवा.

तपासा: रिगमधून ड्राइव्ह देऊन गेटवर स्कोप लावा. वर १४-१५, खाली उणे ८ च्या आसपास. २० च्या जवळ जात असेल तर रिगची पॉवर कमी करा, गेटचा ऑक्साइड एकदा फुटला की फुटला.

टप्पा ६: ६ व्होल्टपासून वर

करंट लिमिट असलेला बेंच सप्लाय उसना आणा, पण लॅपटॉपच्या अडॅप्टरवर पहिल्यांदा चालू करू नका. क्लास ई मध्ये पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, त्यामुळे काय यायला पाहिजे ते आधीच माहीत असतं: ६ व्होल्टला ४ वॅट, साडेनऊला १०, १२ ला १६, १९ ला ४०. आकडे यापासून फार लांब असतील तर व्होल्टेज वाढवून ते सुधारणार नाहीत. थांबा आणि शोधा. आणि ड्राइव्ह आधी, ड्रेन व्होल्टेज नंतर, बंद करताना उलट.

ड्रेनवर दहापट प्रोब, आणि ग्राउंडला ती लांब क्लिपवाली वायर नाही तर टोकाची छोटी स्प्रिंग. लांब वायरने जे रिंगिंग दिसतं ते बहुतेक वेळा वायरचंच असतं.

आता आकार वाचायचा. बरोबर असेल तर फेट ऑफ असताना एक गुळगुळीत डोंगर दिसतो, चढतो, उतरतो आणि जमिनीला अलगद टेकतो, आणि टेकतो त्याच क्षणी फेट ऑन होतो.

डोंगर उतरता उतरता मध्येच कड्यासारखा सरळ खाली पडत असेल, तर फेट ऑन होताना व्होल्टेज शिल्लक आहे. सी१ कमी करा, नाहीतर एल२ चे वेढे दाबून कॉइल वाढवा.

डोंगर लवकरच शून्याला पोचला आणि ऑन व्हायच्या आधी शून्याच्याही जरा खाली सपाट रेघ दिसतेय, तर फेटच्या आतला डायोड चालू झालाय. सी१ वाढवा, म्हणजे दुसरा ३३० लावा, किंवा वेढे फाकवा.

एका वेळी एकच गोष्ट हलवा आणि वहीत लिहा. रात्री अकराला आपल्याला वाटतं की लक्षात राहील, राहत नाही.

६ व्होल्टला आकार मुद्दाम परफेक्ट करत बसू नका. फेटची स्वतःची कपॅसिटी कमी व्होल्टेजला जास्त आणि जास्त व्होल्टेजला कमी असते, त्यामुळे १९ ला गेल्यावर डोंगर पुन्हा सरकतो. १२ ला ढोबळ बसवा, १९ ला शेवटचा हात फिरवा.

सावध: १९ व्होल्टला पीक ६८ च्या आसपास हवा. ८० च्या वर दिसला तर लगेच बंद, लोड चुकलाय.

टप्पा ७: एफिशियन्सी खरी की मीटरची

स्वस्त वॅटमीटरवर भरवसा ठेवून "९५ टक्के आले" म्हणणारे खूप आहेत. डमी लोडवर स्कोपने पीक मोजा, त्याचा वर्ग करून १०० ने भागा. ६३ व्होल्ट पीक म्हणजे ४० वॅट. डीसी बाजूला व्होल्टेज बोर्डवर मोजायचं, सप्लायच्या टोकाला नाही, वायरमध्येच अर्धा व्होल्ट जातो. ४० वॅटला साधारण २.५ अँपिअर लागत असतील तर ८४-८५ टक्के झाले.

कमी आले तर आधी काय तापतंय ते बघा. इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवा, बोट नको (मी खाल्लाय तो चटका). फेट तापले तर ट्यूनिंग किंवा अपुरा ड्राइव्ह, कपॅसिटर तापला तर जात चुकली, फिल्टरची कॉइल तापली तर कोर चुकलाय.

एफटी८ वाल्यांनी जास्त काळजी घ्यायची. १५ सेकंदांच्या स्लॉटमध्ये १२.६ सेकंद सलग कॅरिअर जातो, सीडब्ल्यूसारखी मध्ये उसंत नाही. मे महिन्यात वरच्या मजल्यावर, पत्र्याखालच्या खोलीत, पंखा बंद करून एकदा पंधरा मिनिटं चालवून बघा, मगच हीटसिंक पुरतो म्हणा.

टप्पा ८: अँटेना

सोसायटीच्या गच्चीवरच्या तारेचा एसडब्ल्यूआर (अँटेना ५० ओमपासून किती हटली त्याचा आकडा) पाऊस पडला की बदलतो, समोरच्यांनी नवीन पत्रे टाकले की बदलतो. म्हणून आधी १२ व्होल्टवर मुद्दाम चुकीचा लोड लावून बघा, दोन डमी लोड पॅरलल म्हणजे २५ ओम, दोन सिरीज म्हणजे १००. दोन्हीकडे ड्रेनचा पीक किती जातो ते लिहा आणि १९ च्या प्रमाणात वाढवा. ९० च्या पुढे निघत असेल तर एसडब्ल्यूआर २ ला ड्राइव्ह तोडणारं सर्किट लावल्याशिवाय अँटेना जोडू नका.

अँटेना जोडणारा रिले आधी बसला पाहिजे, ड्राइव्ह नंतर. उलट झालं की दहा-पंधरा मिलिसेकंद ॲम्प्लिफायर उघड्या वायरवर चालतो, आणि बरेच फेट तेवढ्यातच जातात, मालक मात्र म्हणतो "काही न करता उडाला".

४० वरून पुढे जायचं असेल तर

जनरल ग्रेडवाले विचारतात की फेट वाढवत नेले तर? १९ व्होल्टवरच ४०० वॅट काढायला गेलात तर लोड होतो अर्धा ओम. अर्ध्या ओमला तुमचा सोल्डरचा जोड पण अडथळाच आहे. वाट व्होल्टेजची आहे. लोड ठरतो व्होल्टच्या वर्गाला वॅटने भागून, म्हणून ४.७ ओम तसाच ठेवून पुरवठा ४८ केलात की पॉवर होते साधारण २५५ वॅट, आणि सी१, सी२, सी३, कॉइल सगळ्यांच्या व्हॅल्यू आहेत त्याच राहतात! फिल्टर पण तोच. बदलते ती प्रत्येक नगाची ताकद. सी२ मधला करंट ३ वरून साडेसात अँपिअरवर जातो, म्हणजे चार नाही तर आठ-दहा कपॅसिटर पॅरलल, कोर टी२००-२. मोठा फेट आणखी ड्राइव्ह खातो, ५ वॅटची रिग पुरणार नाही. आणि ड्रेनचा पीक १७१ व्होल्ट, त्यामुळे फेट २५० व्होल्टच्या खालचा घ्यायचाच नाही, वर त्याची स्वतःची आउटपुट कपॅसिटी आणि पॅडची मिळून १००० पिकोफॅरडच्या आत राहते का ते डेटाशीटमध्ये बघायचं. ती तिथेच हजार ओलांडत असेल तर रेटिंग कितीही भारी असू दे, तो फेट ७ मेगाहर्ट्झला या बोर्डवर बसणार नाही.